पुस्तक कोणाच्या हातात?

२०१८ च्या सप्टेंबरात सिएटलच्या दक्षिणेला केंट गावातल्या एका जुन्या अपार्टमेंटच्या दारात मी उभी राहिले, तेव्हा माझ्या पिशवीत दोनच वस्तू होत्या. एक स्पॅनिश-इंग्रजी चित्रांचं पुस्तक आणि लाकडी ठोकळ्यांचा डबा. दोन्ही त्या घरातच ठेवून यायचं होतं, परत काहीच आणायचं नव्हतं. दार उघडणाऱ्या बाईंच्या कडेवर दोन वर्षांची मुलगी होती. बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग गळ्यातल्या ओळखपत्राकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मी मेक्सिकन नाही हे त्यांना कळलं होतं आणि मी कोण आहे हे कळत नव्हतं. मी स्पॅनिशमध्ये माझं नाव सांगितलं, चपला दाराशी काढल्या. चपला काढलेल्या पाहून त्या जरा सैलावल्या, असं मला वाटलं.

मी इथवर कशी आले ते थोडक्यात सांगते. पुण्यात कॉलेजात असताना स्पॅनिशचे वर्ग केले होते, पुढे नोकरीत माद्रिदच्या ग्राहकांशी रोज बोलणं व्हायचं. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे सिएटलजवळच्या बेलव्ह्यूला आले. एच-फोर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर काम करता येत नसे. २०१५ च्या मे महिन्यात नियम बदलला आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत असलेल्यांच्या जोडीदारांना कामाचा परवाना मिळू लागला. माझा परवाना आला तोवर जुन्या क्षेत्रातलं माझं मन उडालं होतं. एका सेवाभावी संस्थेत लहान मुलांच्या घरी द्यायची पुस्तकं आणि खेळणी पिशव्यांत भरायला हात हवे होते, तिथे जाऊ लागले. त्या पिशव्या जिथे जायच्या तिथे मीही जाईन, हे तेव्हा मनात नव्हतं. शक्यतो त्या कुटुंबाच्याच समाजातली, तीच भाषा बोलणारी बाई घरी पाठवायची असा तिथला दंडक, आणि तो योग्यच आहे. पण एक सहकारी बाळंतपणाच्या रजेवर गेली, तिची घरं अडली, आणि प्रशिक्षणानंतर त्यातली तीन माझ्याकडे आली.

या कामाची पद्धत जुनी आहे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १९६५ साली फिलिस लेव्हनस्टाइन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ती सुरू केली. आज तिला पॅरेंटचाइल्ड प्लस म्हणतात. सव्वा वर्षाच्या पुढची, शाळेत न जाणारी मुलं आणि त्यांचे आईवडील, दोघांनी मिळून भाग घ्यायचा. आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. आठवड्याच्या पहिल्या भेटीत नवं पुस्तक किंवा खेळणं न्यायचं, दुसऱ्या भेटीत त्याच वस्तूकडे पुन्हा वळायचं. दोन वर्षांत मिळून किमान ९२ भेटी. घरच्यांना एक पैसा पडत नाही. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की मुलाला शिकवायचं नाही. आईच्या शेजारी जमिनीवर बसून मुलाशी कसं बोलता येतं, कसं खेळता येतं ते नुसतं करून दाखवायचं आणि हळूहळू मागे सरायचं.

मी पहिल्याच महिन्यात तो नियम मोडला. पुस्तक फळांचं होतं. मी पान उलटत होते, मुलीला विचारत होते, हे काय, याचा रंग कोणता, आणि मुलगी उत्साहाने सांगत होती. आई मागे सोफ्याच्या कडेला बसून हसऱ्या चेहऱ्याने बघत होत्या. मला वाटलं, भेट छानच झाली. त्या दिवशी माझं काम बघायला मेक्सिकोतल्या ग्वादालाखाराची आमची थोरली सहकारी आली होती, वीस वर्षं याच कामात असलेली. गाडीत बसल्यावर तिने एकच विचारलं, "आज अर्धा तास पुस्तक कोणाच्या हातात होतं?"

मी गप्प बसले. ती पुढे म्हणाली, "तू गेल्यावर ते पुस्तक त्या घरात आहे. तू नाहीस."

पुढच्या भेटीत मी पुस्तक आईंच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते लगेच मुलीकडे सरकवलं. "माएस्त्रा, तुम्हीच वाचा. तुम्हाला येतं." माएस्त्रा म्हणजे बाई, शिक्षिका. मी शिक्षिका नाही हे किती वेळा सांगितलं तरी त्या मला तेच म्हणत आणि 'उस्तेद' म्हणजे अहो-जाहो करत. मीही त्यांना उस्तेदच म्हणत राहिले. इंग्रजीत ही सोय नाही. सगळ्यांना एकच 'यू'. स्पॅनिशमध्ये शिरलं की मला घरच्यासारखं वाटायचं त्याचं एक कारण हेही होतं. आणि काही शब्द तर थेट ओळखीचे निघाले. ठोकळ्यांच्या खेळात मुलीने प्लास्टिकची बादली ओढत आणली आणि आई म्हणाल्या, "बाल्दे." आमच्या वाईच्या घरी आजी बालदीच म्हणायची. पोर्तुगीजांच्या वाटेने आलेला तो शब्द केंटच्या त्या खोलीत असा समोर उभा राहिला. मी त्यांना ते सांगितलं, तर त्यांनी पहिल्यांदा मला उलटा प्रश्न विचारला, "तुमच्याकडे साबणाला काय म्हणतात?" त्यांचा 'हाबोन', आमचा साबण. त्या दिवशी आम्ही पुस्तक उघडलंच नाही. नोंदवहीत मी तसं प्रामाणिकपणे लिहिलं.

त्या घराविषयी सांगायला हवं. दोन खोल्या, त्यांत दोन कुटुंबं, दीर-जाऊ आणि त्यांची दोन मुलं धरून. वडील छपरं बसवायच्या कामावर. सिएटलकडे पावसाळ्यात ते काम आखडतं, मग ते गोदामात रात्रपाळी करत आणि दिवसा आतल्या खोलीत झोपत. म्हणून आमचा खेळ दबक्या आवाजात चाले. ढोल आणि शिट्टी असलेला खेळण्यांचा संच मी त्या घरी नेलाच नाही. त्याऐवजी बाहुल्यांचा नेला.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी दार उघडलं नाही. आत कोणीतरी आहे हे पडद्यामागच्या सावलीवरून कळत होतं. मी दार वाजवलं, मुलीचं नाव घेऊन हाक मारली, उत्तर नाही. असं झालं की ठरलेला अर्धा तास बाहेर गाडीत थांबायचं आणि पुढच्या वारी पुन्हा यायचं, असं आम्हाला सांगितलेलं होतं. मी थांबले. शुक्रवारी पुन्हा गेले, तेव्हा दार उघडलं. आईंनी हळू आवाजात सांगितलं की त्या दिवशी इमारतीत अफवा होती, पकडायला माणसं आली आहेत अशी. "आम्ही कोणालाच दार उघडत नव्हतो. तुमची गाडी बाहेर बघत होते मी. तुम्ही गेला नाहीत लगेच." मी काय बोलणार? त्यांची कागदपत्रं काय आहेत हे मी कधी विचारलं नाही, आमच्या कामात ते विचारायचंच नसतं. माझ्या हातात व्हिसा होता म्हणून मी निर्धास्त गाडीत बसले होते, एवढाच आमच्यातला फरक होता. तो फरक किती मोठा आहे ते त्या दिवशी कळलं.

प्रशिक्षणात आम्हाला त्या प्रसिद्ध अभ्यासाबद्दल सांगितलं होतं. १९९५ साली छापलेला, गरीब घरातल्या मुलांच्या कानावर चार वर्षांची होईपर्यंत तीन कोटी शब्द कमी पडतात असं सांगणारा. मला तो तेव्हाच खटकला होता. तो अवघ्या ४२ कुटुंबांवर बेतलेला होता. २०१८ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी घरातल्या सगळ्या माणसांचं, मुलाच्या कानावर पडणारं बोलणं मोजलं, तेव्हा ती दरी तशी दिसली नाही. मी ज्या घरात बसत होते तिथे दिवसभर माणसं बोलत होती. काकू बोलत, चुलतभावंडं भांडत, गावाहून फोन येत. शब्द कमी नव्हते. आपले शब्द मुलीला उपयोगाचे आहेत, याची आईला खात्री मात्र नव्हती. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आमचं काम दुसऱ्या गोष्टीशी आहे असं मला ठामपणे वाटतं.

ती खात्री कुठे हरवली होती ते मला जानेवारीत कळलं. त्याच फळांच्या पुस्तकावरून.

पुस्तक आईंच्या मांडीवर होतं, मुलगी त्यांना टेकून. त्या नुसतं फळाचं नाव घेत आणि पान उलटत. माझ्यासाठी परीक्षा दिल्यासारखं. केळं, सफरचंद, अननस. मग स्ट्रॉबेरीचं पान आलं. "फ्रेसा," त्या म्हणाल्या आणि पान उलटलं नाही. बोट चित्रावर तसंच राहिलं. मी म्हटलं, आमच्या मामांची भिलारला स्ट्रॉबेरीची शेती आहे, महाबळेश्वरजवळ. लहानपणी सुट्टीत तोडायला जायचो, दोन तासांत कंबर धरायची. त्यांनी मान वर केली. "तुम्ही तोडली आहे?"

मग त्या बोलू लागल्या. लग्न होऊन इकडे आल्यावर दोन उन्हाळे त्या उत्तरेला स्कॅजिट खोऱ्यात शेतांवर होत्या. पहाटे उजाडायच्या आत सरीत उतरायचं. फळ ताजं विकायचं असेल तर देठासकट तोडायचं, कारखान्यात जायचं असेल तर देठ तिथेच ठेवायचा. त्यांनी दोन बोटांनी हवेत ते करून दाखवलं, नखाने देठ कसा खुडायचा, फळ तळहातात कसं पडू द्यायचं. मुलगी डोळे मोठे करून आईच्या बोटांकडे बघत होती. तिनेही हवेतली स्ट्रॉबेरी खुडली. आईंनी तिच्या तळहातावर 'ठेवली'. मुलीने ती खाल्ली. पुन्हा मागितली. अर्धा तास कधी संपला कळलं नाही, त्यानंतर मी एक शब्द बोलले नव्हते.

मात्र मुलीशी बोलताना मध्येच त्यांच्या तोंडून काही असं निघालं जे स्पॅनिश नव्हतं. आवाज वरखाली होणारा, गाण्याच्या अंगाने जाणारा. त्या लगेच थांबल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पेर्दोन. ते काही नाही. आमचं दियालेक्तो."

मग हळूहळू कळत गेलं. त्या मेक्सिकोतल्या वाहाका राज्याच्या डोंगराळ भागातल्या, मिक्सतेक लोकांतल्या. स्पॅनिश त्यांना शाळेत गेल्यावर आली, आणि तीही मार खाऊन. घरी बोलायची ती भाषा मिक्सतेक. मेक्सिकोत अशा भाषांना सर्रास 'दियालेक्तो' म्हणतात, म्हणजे भाषा म्हणायची लायकी नसलेलं काहीतरी. तिथल्या २००३ च्या कायद्याने या सगळ्या आदिवासी भाषांना स्पॅनिशइतकंच राष्ट्रीय भाषेचं स्थान दिलं आहे. तिथल्याच सरकारी सूचीत अशा ६८ भाषा आहेत. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी नम्रपणे ऐकून घेतलं, पण कायद्याने लाज जात नसते. मिक्सतेक सुरांची भाषा आहे, सूर बदलला की अर्थ बदलतो. ते लोक स्वतःला न्यूउ सावी म्हणतात, पावसाचे लोक. हे सांगताना त्यांनी खिडकीबाहेर बोट केलं आणि हसल्या. बाहेर सिएटलची न संपणारी झिमझिम चालू होती.

आम्ही स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांसाठीचा कार्यक्रम चालवत होतो, आणि या घरात स्पॅनिश हीच परकी भाषा होती. मुलीशी त्या स्पॅनिश बोलत कारण मिक्सतेकचा उपयोग नाही असं त्यांना वाटे, आणि माझ्यासमोर गप्प बसत कारण स्पॅनिश आपली चांगली नाही असं वाटे. दोन्हीकडून तोंड बंद.

मी त्या संध्याकाळी घरी आले आणि फार वेळ स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. तो तीन वर्षांचा असताना बालवाडीतल्या बाईंनी सांगितलं होतं, मूल गोंधळतंय, घरीही इंग्रजीच बोला. मी आणि नवऱ्याने दुसऱ्या दिवसापासून ते केलं. कोणाला विचारलं नाही, काही वाचलं नाही. त्यानंतर वाईहून आई फोनवर विचारायची, जेवलास का रे, आणि तो माझ्याकडे बघायचा. मी सांगायचे काय विचारलं ते. मग तो इंग्रजीत उत्तर द्यायचा आणि मी ते आईला सांगायचे. आजी आणि नातवामध्ये मी दुभाषी. मी दुसऱ्यांच्या घरी जाऊन आईला म्हणत होते, तुमच्या भाषेत बोला, आणि स्वतःच्या घरात मी ती भाषा एका दिवसात बंद करून टाकली होती. याचं मला आजही वाईट वाटतं.

मी मुलाबरोबर रोज संध्याकाळी अर्धा तास जमिनीवर बसायला लागले. सुरुवातीला त्याने साफ नकार दिला. मराठी पुस्तक पुढे केलं की उठून जायचा. मग मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि परात घेतली.

याची कल्पनाही केंटच्या घरातूनच आली. मार्चमध्ये मी मुलीसाठी रंगीत मातीचे डबे नेले होते, आकार करण्यासाठी. आईंनी डबा उघडून वास घेतला आणि नाक मुरडलं. "थांबा," म्हणून आत गेल्या आणि मक्याच्या पिठाचा (स्पॅनिशमध्ये 'मासा') गोळा घेऊन आल्या. लिंबाएवढा तुकडा मुलीच्या हातात, एक स्वतःच्या, एक माझ्या. मग तळहातांमध्ये थापणं सुरू झालं. थप थप, वळवत, कडेला जाड राहतेय तिथे बोटांनी दाबत. आता त्या मिक्सतेकमध्ये बोलत होत्या, माझ्याकडे न बघता. कोणते शब्द ते मला कळत नव्हतं, पण हात काय सांगतायत ते कळत होतं: गोल, पातळ, इथे जाड, इथे फाटली, पुन्हा गोळा कर. आमच्या मार्गदर्शक कागदावर त्या आठवड्याचे शब्द होते आकार, जाड-पातळ, मोठं-लहान. सगळे होऊन गेले होते, कागद पिशवीतच होता. मुलीची टॉर्टिया, म्हणजे मक्याची पोळी, भोकाभोकांची झाली. कोमालवर, म्हणजे तव्यावर, टाकल्यावर ती फुगली नाही, पण आईंनी ती कापडात गुंडाळून तिच्याच ताटात ठेवली. माझी जरा बरी झाली. मी भाकरी थापणाऱ्या घरातली आहे हे सांगितल्यावर त्यांनी पाणी लावून परातीत थापायचं कसं ते मला करून दाखवायला लावलं. बरोबर प्यायला लाल, आंबट सरबत होतं, आग्वा दे हमाइका. एक घोट घेतला आणि म्हटलं, ही तर लाल अंबाडीची बोंडं!

माझा मुलगा भाकरी थापता थापता बोलू लागला. आधी एकेक शब्द. पीठ, पाणी, गरम, फुगली. 'फुगली' हा त्याचा आवडता शब्द झाला. तो आता सफाईने मराठी बोलतो असं मी म्हणणार नाही. क्रियापदं चुकतात, 'मी जाते' म्हणतो कारण माझंच ऐकून शिकलाय. पण फोनवर आजीला तो स्वतः सांगतो, भाकरी फुगली. शनिवार-रविवारच्या मराठी शाळेतही जातो. ती शाळा चांगली आहे, पण आठवड्यातून दोन तास. उरलेले तास घरचे.

दुसऱ्या वर्षी आमच्या भेटी सहज होत गेल्या, त्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. आई पुस्तकाचं पान उघडून तीन भाषांत गोष्ट रचत, मुलगी प्रश्न विचारे, मी शेजारी बसे. जाऊबाईही आपल्या धाकट्याला घेऊन येऊन बसू लागल्या. फेब्रुवारी २०२० च्या शेवटी बातमी आली की आमच्याच काउंटीत, कर्कलंडच्या एका वृद्धाश्रमात कोरोनाची साथ पसरली आहे. मार्चच्या मध्यापासून शाळा बंद, २३ मार्चला घरात थांबायचा आदेश. आमच्या भेटी फोनच्या पडद्यावर आल्या. मी खेळणी आणि पुस्तकं पिशवीत घालून दाराशी ठेवत असे, बेल वाजवून मागे सरत असे. पडद्यावर दोन मिनिटांत मुलगी चेंडूसारखी निसटून जायची. मला जमिनीवर बसता येत नव्हतं, तेव्हा बोलायला हवं होतं ते आईनेच. आणि आता ते त्यांना सहज जमत होतं. छपरांचं काम थांबलं होतं, वडील घरी होते, तेही पडद्यात डोकावू लागले. एका भेटीत मला फक्त त्यांचे गुडघे आणि त्यांच्यावर रचलेला ठोकळ्यांचा मनोरा दिसला, मागून त्यांचा आवाज, मोजत असलेला.

शेवटची भेट जूनमध्ये होती. पाऊस होता. मी त्यांच्या तळमजल्याच्या पडवीत, छपराच्या पन्हाळीखाली, मुखपट्टी लावून उभी राहिले. काचेचं सरकतं दार वीतभर उघडं. आत आई जमिनीवर बसल्या होत्या, मुलगी मांडीत. ती पावणेचार वर्षांची झाली होती. तिने स्वतः निवडून आणलेलं पुस्तक फळांचं होतं, पहिल्या वर्षीचं, कोपरे चघळलेले, एक पान चिकटपट्टीने जोडलेलं. ती पान उघडत होती आणि आई बोलत होत्या. ती मध्येच काहीतरी विचारी, आई थांबून उत्तर देत, दोघी हसत. संपूर्ण अर्धा तास मिक्सतेकमध्ये. मला ओळखू आलेला एकच शब्द 'फ्रेसा'. तिथे आल्यावर मुलीने दोन बोटांनी हवेत खुडल्याचं केलं आणि हात दाराच्या फटीतून बाहेर, माझ्याकडे केला.

निघताना वडील आतून एक पुठ्ठ्याची पेटी घेऊन आले. दीर त्या आठवड्यात स्कॅजिटला तोडणीवर गेले होते. पेटी त्यांनी उंबऱ्यावर ठेवली आणि मागे सरकले, मी पुढे होऊन उचलली. स्ट्रॉबेरी होत्या, लहान, गडद लाल, प्रत्येकीचा देठ शाबूत.